सोमवार, बुधवार, शुक्रवारची स्वच्छता

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात सत्तावीस वर्षं निरीक्षक म्हणून घालवल्यावर एकावन्नाव्या वर्षी कुणी आपल्याला कॉलेजात धाडेल, असं निरीक्षकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण एके दिवशी मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला.

"नवा नियम आलाय. सार्वजनिक आरोग्याची पदवी असल्याशिवाय पुढची बढती नाही."

"साहेब, मला निवृत्तीला सात वर्षं राहिलीत."

"म्हणूनच म्हणतो. दोन वर्षं शिका, पाच वर्षं वापरा."

निरीक्षक वाद घालणाऱ्यांतले नव्हते. सही करून ते घरी आले. माळ्यावरच्या पेटीतून त्यांची जुनी विज्ञानाची पदवी निघाली. तिच्या एका कोपऱ्याला कसरीनं आपली सही केली होती. बायकोनं ती पुसून दिली. बायको शाळेत गणिताच्या बाई होत्या, आणि त्यांना घरात, दारात, नातेवाइकांत सगळे 'बाई'च म्हणत. निरीक्षकसुद्धा.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार विद्यापीठ. उरलेले दिवस कचेरी," निरीक्षक म्हणाले.

"आणि अभ्यास?" बाईंनी विचारलं.

निरीक्षक इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले.

पहिल्या दिवशी ते टाय लावून, हातात चामड्याची बॅग घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले, तर आतली पस्तीस पोरंपोरी ताडकन उठून उभी राहिली. निरीक्षकांना वाटलं, मुलं वळणाची दिसतात. ते मान हलवत सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग मात्र उभाच. कुणाला बसावं की उभं राहावं ते कळेना. तेवढ्यात बत्तीस-तेहतिशीच्या प्राध्यापक मॅडम आत आल्या, सगळा वर्ग पाठमोरा उभा पाहून थबकल्या, आणि शेवटच्या बाकावरच्या टायकडे बघून नम्रपणे म्हणाल्या, "पालकांची भेट शनिवारी असते हं."

त्या दिवसापासून निरीक्षक वर्गाचे 'काका' झाले ते कायमचेच.

मधल्या सुट्टीत ते कँटीनमध्ये गेले. कँटीनवाला गल्ल्यावर बसून दात कोरत होता. निरीक्षकांना बघताच दातकोरणी त्याच्या हातातून गळून पडली. तो झटक्यात उठला, आत गेला, आणि आतून भांड्यांची अशी आदळआपट सुरू झाली की जणू कुणी भूकंपाची तालीम घेतंय. पाच मिनिटांनी तो धुतलेला ॲप्रन घालून, डोक्याला रुमाल बांधून, स्वतः चहा घेऊन आला. कप इतका स्वच्छ होता की त्यात निरीक्षकांना आपला टाय दिसला.

"साखर बरोबर आहे ना, साहेब?"

"उत्तम," निरीक्षक म्हणाले. माणूस अगत्यशील आहे, चेहराही कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, असं त्यांच्या मनात आलं. पण सत्तावीस वर्षांत पाहिलेले चेहरे थोडेथोडके नव्हते, त्यामुळे त्यांनी फार डोकं खाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते सगळ्यांना सांगत सुटले, "विद्यापीठाचं कँटीन बघून या एकदा. लादी अशी, की त्यावर जेवावं."

पहिलं सत्र मात्र जेवणासारखं सोपं गेलं नाही. साथी कशा पसरतात, पाणी कसं तपासतात, लसीकरणाच्या मोहिमा कशा आखतात, हे सगळं निरीक्षकांना तळहातावरच्या रेषांसारखं ठाऊक होतं. पण संख्याशास्त्र आलं आणि काकांची बोबडी वळली. पहिल्या चाचणीत त्यांना पंचवीसपैकी चार मिळाले, त्यातले दोन स्वच्छ अक्षरासाठी. पेपर त्यांनी बॅगेच्या तळाशी लपवला. बाईंनी डबा काढताना तो बरोबर शोधून काढला. चाळीस वर्षं पोरांचे लपवलेले पेपर शोधण्यात गेली नसली, तरी सव्वीस नक्कीच गेली होती.

"सरासरी काढताना तुम्ही शेवटी भागलंच नाहीत," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, बेरीज बघून समजेल त्यांना."

"उद्यापासून सकाळी सहाला बसायचं. वही वेगळी. समास आखायचा."

बाईंनी घरात नवरा आणि विद्यार्थी हा भेद ठेवला नाही. निरीक्षकांनी दोनदा अंगठे धरण्याची शिक्षासुद्धा भोगली असती, पण पोटामुळे अंगठ्यांपर्यंत हात पोचेनात म्हणून सूट मिळाली. सत्राच्या शेवटी ते पन्नासपैकी एकतीस गुण घेऊन पास झाले, तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "एकोणीस कुठे गेले?"

दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष अभ्यासाचा प्रकल्प होता. तिघांचा गट करायचा होता. निरीक्षकांच्या वाट्याला एक दंतवैद्य मुलगी आली. पाच वर्षं शिकून, दोन वर्षं लोकांच्या दाढा उपटून ती कंटाळली होती. "काका, किडलेला दात काढून काढून हात दुखतात. मला दात किडण्याआधी पोचायचंय," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली, आणि निरीक्षकांना ती एकदम आवडली. तिसऱ्या मुलाला सगळे 'परिषद' म्हणत, कारण तो कुठल्याही विषयावर बोलायला लागला की समोर दोनशे देशांचे प्रतिनिधी बसल्यासारखा बोलायचा. त्याला मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत जायचं होतं. त्यासाठी त्याने सूट आधीच शिवून ठेवला होता.

विषय निरीक्षकांनी सुचवला: कँटीनची स्वच्छता. कामगार हात धुतात का, भांड्यांवर झाकणं असतात का, पुसायचं फडकं कुठलं, कापलेली फळं किती वेळ उघडी राहतात, असे वीस मुद्दे. दर मुद्द्याला एक गुण. चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार निरीक्षक बघणार, मंगळवार-गुरुवार ते कचेरीत असताना बाकीचे दोघं.

पहिल्या आठवड्याचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा तिघंही बुचकळ्यात पडले. सोमवारी अठरा. मंगळवारी सहा. बुधवारी एकोणीस. गुरुवारी सात. शुक्रवारी अठरा.

दंतवैद्य जरा चाचरत म्हणाली, "काका, राग मानू नका. पण तुम्ही गुण देताना हात सैल सोडता का?"

निरीक्षकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पोरी, मी आजवर शेकडो दुकानं तपासलीत! एक गुण कुणाला फुकट दिला नाही."

मग ठरलं की निरीक्षकांच्या दिवशी तिघांनी मिळून बघायचं, आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर वेगळे गुण द्यायचे. सोमवारी तिघांचे कागद उलटे केले, तर अठरा, अठरा, एकोणीस. काकांचा हात सैल नव्हता. कँटीन खरंच चकाचक होतं. आणि मंगळवारी दंतवैद्यानं फोन करून कळवलं, "काका, सहा. आणि पुसायचं फडकं बघून मला माझ्या दवाखान्याची आठवण आली."

आता परिषद खुलला. त्याने तीन दिवसांत चार सिद्धांत मांडले. पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक, भाजीच्या गाडीचे वार, कामगारांचा थकवा, आणि शेवटी चंद्र. टाकी तपासली, रोज भरत होती. भाजीची गाडी रोज येत होती. चंद्राचं कुणी मनावर घेतलं नाही. चार आठवडे संपले तरी आकडे तसेच: करवतीच्या दातांसारखे वरखाली, वरखाली. सादरीकरणाला महिना राहिला होता.

रविवारी सकाळी निरीक्षक जेवणाच्या टेबलावर आलेख काढत बसले होते. बाई शाळेच्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मान न वळवता नजर नुसती तिरपी केली.

"हे कसलं करवतीचं चित्र?"

निरीक्षकांनी सगळं सांगितलं.

"उंच दिवस कुठले?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"आणि तुम्ही विद्यापीठात कुठल्या वारी जाता?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. बाईंनी एका वहीवर लाल खूण केली, पुढची वही घेतली.

"काखेत कळसा," एवढंच म्हणाल्या.

निरीक्षकांनी पुन्हा आलेखाकडे पाहिलं. आधी त्यांना हसू आलं. मग हळूहळू ते ओसरलं. कारण त्यांना बाजारपेठेतली एक बेकरी आठवली. त्या बेकरीची लादी ते जातील तेव्हा ओली असे. नेहमी. त्यावरून ते खात्यात फुशारकी मारत, "माझ्या हद्दीत बघा, बेकऱ्यांच्या लाद्या सदैव धुतलेल्या." त्यांच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका होता. पेठेच्या तोंडाशी वळली की शेवटच्या दुकानापर्यंत आवाज जायचा. सत्तावीस वर्षं त्यांनी अहवालात 'परिस्थिती समाधानकारक' असं लिहिलं होतं, आणि ते शब्द अक्षरशः खरे होते. ते असेपर्यंत परिस्थिती समाधानकारकच असायची.

"बाई," ते म्हणाले, "मी आजवर एकही दुकान पाहिलेलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या उठल्या, त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसल्या. हे रविवारी सकाळी, वह्यांचा गठ्ठा अर्धा असताना घडलं, यावरून निरीक्षकांचा चेहरा कसा झाला असेल ते कळावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गटाला खरं ते सांगितलं. परिषद इतका हसला की बाकावरून घसरला. दंतवैद्य हसली नाही. ती म्हणाली, "काका, मग आता त्याला जाऊन विचारूया की. विचारायला कुठे बंदी आहे?"

ही साधी गोष्ट निरीक्षकांना सुचली नव्हती. त्यांनी आयुष्यभर दुकानदारांना नोटिसा दिल्या होत्या, दंड केले होते, समज दिली होती; पण विचारलं असं कधी नव्हतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते टाय काढून कँटीनवाल्यासमोर जाऊन बसले.

"मला ओळखता तुम्ही?"

कँटीनवाल्याचा चेहरा पांढरा पडला. "ओळखतो म्हणजे काय साहेब! आठ वर्षांपूर्वी बस स्टँडजवळ माझं दुकान होतं. चार दिवस सील केलं होतंत. पिठाच्या डब्यात उंदीर सापडला म्हणून."

"उंदीर होता ना?"

"होता की. पण शेजारच्या दुकानातला होता."

"त्याच्या गळ्यात पाटी नव्हती."

कँटीनवाल्याला हसावं की रडावं कळेना. मग तो हसला, आणि त्याच्या हसण्याबरोबर बांध फुटला. निरीक्षक कँटीनमध्ये दिसले त्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती. विद्यापीठाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्याने फुकट चहा लावला होता. फाटकातून टाय शिरला की पहारेकरी फोन करायचा. "आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार माझा मेहुणा आणि त्याची बायको मदतीला येतात. फुकट. साहेब, माझ्या लग्नात ज्यानं एक खुर्ची उचलली नाही, तो मेहुणा तुमच्या धाकाने आठवड्यातून तीन दिवस कढया घासतो. घरात तुमचा फोटो लावावा असं बायको म्हणते."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी आम्ही तिघंच. दोनशे पोरं एकदम येतात. हात धुवायचं बेसिन मागच्या अंगणात, सिलिंडरच्या पलीकडे. एकदा जाऊन यायचं म्हणजे रांगेतली पोरं टेबल बडवायला लागतात. साबण बाहेर ठेवला की कावळा नेतो."

"कावळा?"

"खोटं वाटत असेल तर बघा."

निरीक्षक उठले आणि बघायला गेले. स्वयंपाकाच्या ओट्यापासून बेसिनपर्यंत त्यांनी पावलं मोजली. एकतीस. सिलिंडरांना वळसा, एक उंबरठा, एक न लागणारं दार. कावळा भिंतीवर बसलाच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचं चिन्ह नव्हतं. नोटिशीच्या छापील नमुन्यात 'कामगार हात धुवत नाहीत' असा रकाना होता. 'बेसिन एकतीस पावलांवर आहे' असा नव्हता.

त्यांनी विद्यापीठाच्या बांधकाम विभागाला अर्ज दिला. तिथल्या अभियंत्याने सांगितलं, नळ हलवायचा तर समिती बसेल. निरीक्षकांना समित्यांची सवय होती. ते रोज सकाळी, कचेरीच्या दिवशीसुद्धा जाता जाता, त्याच्या टेबलासमोर जाऊन गप्प बसू लागले. नुसते बसायचे. कागद नाही, तक्रार नाही. सहाव्या दिवशी अभियंत्याने हात जोडले आणि प्लंबर पाठवला. बेसिन ओट्याच्या शेजारी आलं. साबण दोरीनं बांधला गेला. फडक्यांचे दोन रंग ठरले, एक टेबलांसाठी, एक भांड्यांसाठी. पहारेकऱ्याचा फुकट चहा बंद झाला, त्याबद्दल तो पुढे बरेच दिवस निरीक्षकांशी बोलत नव्हता.

मग दोन आठवडे निरीक्षकांनी कँटीनमध्ये पाऊल टाकलं नाही. बाईंच्या हातचा डबा आणि थर्मासमधला चहा घेऊन ते ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसत. मेहुण्यालाही सुट्टी मिळाली. दंतवैद्य आणि परिषद रोज वीस मुद्दे तपासत. वारांप्रमाणे सरासरी आली: चौदा, तेरा, चौदा, पंधरा, चौदा.

"अठरावरून चौदा! म्हणजे घसरलो," परिषद हिरमुसला.

"अरे, ते अठरा माझे होते," निरीक्षक म्हणाले. "हे चौदा कँटीनचे आहेत."

सादरीकरणाला बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक बाई आल्या होत्या. आयुष्यभर साथरोगांमागे फिरलेल्या, पांढरे केस, आवाज असा की मागच्या बाकाचीही पाठ ताठ व्हावी. परिषदनं सुटात प्रास्ताविक केलं. दंतवैद्यानं आलेख दाखवले. करवत पडद्यावर आली तसा परीक्षक बाईंनी हात वर केला.

"या चढउताराचं कारण काय?"

दोघांनी निरीक्षकांकडे पाहिलं. ते उभे राहिले.

"मॅडम, कारण मी."

वर्गात खसखस पिकली. निरीक्षकांनी सगळं सांगितलं. उंदीर, पहारेकरी, मेहुणा, एकतीस पावलं. कावळ्याजवळ आल्यावर प्राध्यापक मॅडमनी फाइल तोंडापुढे धरली. आणि शेवटी ते बेकरीच्या ओल्या लादीबद्दलही बोलले, जे बोलायचं ठरलेलं नव्हतं.

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "अभ्यासात गडबड करणारा घटक सापडत नाही म्हणून लोकांचे प्रबंध अडकतात. तुमच्या गटाचा घटक स्वतःच येऊन कबुली देतोय. असं भाग्य मला चाळीस वर्षांत लाभलं नाही." मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: "मेहुणा आता काय करतो?"

"पुन्हा काही करत नाही, मॅडम."

"ती साथ आमच्या घरीही आहे. तिच्यावर लस नाही," असं म्हणून त्यांनी पूर्ण गुणांत फक्त दोन कमी दिले. ते दोन चंद्राबद्दलच्या परिशिष्टाचे. परिषदनं ते कुणाला न सांगता जोडलं होतं.

दुसरं वर्ष कसं गेलं ते निरीक्षकांना कळलंही नाही. शेवटी नोकऱ्या देणाऱ्या संस्था विद्यापीठात आल्या. सभागृहात टेबलं मांडली होती: रुग्णालयांचं व्यवस्थापन, आकडेवारीचं विश्लेषण, शाळांचं आरोग्य, पाणी आणि स्वच्छता, संशोधन. निरीक्षक केवळ गंमत म्हणून फिरत होते. एका टेबलावरच्या तरुणानं त्यांना बसवून घेतलं आणि छापील प्रश्न विचारला, "दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"बाल्कनीत," निरीक्षक म्हणाले. त्यानं ते लिहूनही घेतलं.

दंतवैद्य शाळांच्या कार्यक्रमात गेली. आता ती पहिलीच्या पोरांना ब्रश धरायला शिकवते आणि हात दुखत नाहीत म्हणते. परिषदची दूरच्या एका तालुक्यात क्षयरोगाच्या कामावर नेमणूक झाली. दोन महिने तो नाराज होता. मग एक दिवस त्याचा निरीक्षकांना फोन आला. एका म्हातारीनं औषध अर्ध्यावर सोडलं होतं. हा तिच्या ओट्यावर तीन तास बसला, तेव्हा कळलं की गोळ्या उपाशीपोटी मळमळतात आणि घरात सगळ्यात शेवटी जेवायला तीच बसते. "काका, मी काही बोललोच नाही तिथे," परिषद म्हणाला, आणि हे त्यालाच नवल वाटत होतं.

आणि निरीक्षक पदवी घेऊन पूर्ण वेळ कचेरीत हजर झाले, तर मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी पुन्हा एक कागद पुढे सरकवला. बढतीचा तो नियम मध्यंतरी रद्द झाला होता.

"वाईट वाटलं का?" साहेबांनी विचारलं.

निरीक्षकांनी मनात शोधून पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, पण सापडेना. "मग मला काय काम?"

"नवे अकरा निरीक्षक भरलेत. त्यांना तयार करा."

पहिल्याच दिवशी ते त्या अकरा जणांना घेऊन बाजारपेठेत निघाले. पायी. पोरं नव्या गणवेशात, छातीशी नोटिशींची पुस्तकं धरून. ओल्या लादीच्या बेकरीपाशी आल्यावर निरीक्षकांनी त्यांना पुस्तकं पिशवीत ठेवायला लावली. आत पीठ मळणारी बाई त्यांना बघून चटकन बादलीकडे वळली.

"राहू द्या ताई, लादी नको," निरीक्षक म्हणाले आणि एक रिकामं खोकं ओढून त्यावर बसले. "आम्ही तपासायला आलो नाही. या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तेवढं सांगा."

बेकरीतल्या ताईंनी त्यांच्याकडे, मग दारातल्या अकरा गणवेशांकडे संशयानं पाहिलं. हात पुसले. बादली खाली ठेवली.

"वेळ आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

त्या पाऊण तास बोलल्या. भट्टीचा धूर, पिठाची पोती, मालकाच्या आईचा स्वभाव, सगळं आलं. अकरापैकी दोघांना उभ्याउभ्या पाय दुखायला लागले, एकाने हळूच पाव विकत घेतला. निरीक्षक मात्र खोक्यावर बसून, समास आखलेल्या वहीत एकेक गोष्ट लिहून घेत होते, आणि अधूनमधून म्हणत होते, "मग पुढे?"